वाशिष्ठी नदी

वाशिष्ठी नदी : (वासिष्ठी). महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एक पश्चिमवाहिनी नदी. लांबी सु. ७० किमी. चिपळूण तालुक्याच्या ईशान्य भागात, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील तिवरे गावाच्या परिसरात ती उगम पावते आणि चिपळूण शहरावरून वाहत जाऊन दाभोळ व अंजनवेल यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. तिचे मुख सु. १७° ३५′ उ. अक्षांश व ७३° १०′ पू. रेखांश येथे आहे. वसिष्ठ ऋषींच्या नावावरून नदीस हे नाव पडले, अशी परंपरागत समजूत आहे. लांबीच्या दृष्टीने ही नदी अगदीच लहान असली, तरी कोकणातील नद्यांत तिचे स्थान वेगळे आहे. तिच्या मुखावर मध्ययुगातील एक मोठे बंदर होते, भरतीच्या शेवटच्या टोकाशी घाटावरील व्यापाराची पेठ होती, आणि १९६२ पासून तर तिच्या पात्रातून स्वतःच्या खोऱ्यापेक्षा कितीतरी दूरचे, कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी वाहत आहे. तेव्हापासून वाशिष्ठी ही पूर्णतः निसर्गनिर्मित नदी राहिलेली नाही.

प्रवाहमार्ग : सह्याद्रीचा कडा येथे समुद्रापासून सरळ रेषेत सु. ५० किमी.वर उभा आहे. त्यामुळे नदीला उतरण्यास अंतर थोडे मिळते. उगमानंतरच्या थोड्याच अंतरात ती शेकडो मीटर खाली येते व चिपळूणच्या पूर्वेस तिचे पात्र जवळजवळ समुद्रसपाटीच्या पातळीला टेकते. उगमापासून चिपळूणपर्यंत तिची सर्वसाधारण दिशा नैर्ऋत्येकडे आहे. चिपळूणपाशी ती वायव्येकडे वळते व गोवळकोट ओलांडल्यावर मोठमोठी वळणे घेत पश्चिमेकडे जाते. खालच्या टप्प्यात तिच्या उत्तरेस खेड व दापोली, तर दक्षिणेस चिपळूण व गुहागर हे तालुके येतात. अशा रीतीने नदीचे दोन स्पष्ट भाग पडतात : चिपळूणच्या वरची डोंगरी नदी आणि चिपळूणच्या खालची खाडी. यांतील दुसरा भाग लांबीने मोठा आहे. भरतीचे पाणी सु. ४० ते ४५ किमी. आत, गोवळकोट-चिपळूणपर्यंत चढते. म्हणजे वाशिष्ठीची अर्ध्याहून अधिक लांबी ही खरे पाहता समुद्राच्या सत्तेखालील आहे. लोकव्यवहारातही हा भेद पाळला जातो. वरच्या भागाला ‘नदी’ आणि खालच्या भागाला ‘दाभोळची खाडी’ असेच म्हटले जाते.

खोऱ्यातील मूळ खडक दख्खनच्या लाव्ह्यापासून बनलेला काळा बेसाल्ट होय. खाडीच्या दोन्ही तीरांवरील सपाट माथ्याच्या टेकड्यांवर जांभ्याचे थर आढळतात. या टेकड्यांना स्थानिक भाषेत सडे म्हणतात. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झिरपते व सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. खाडीकाठची गावे बहुधा या झऱ्यांच्या आधारानेच वसलेली आहेत. खाडीचे पात्र एकसारखे रुंद नाही. जेथे कठीण खडकाच्या टेकड्या जवळ येतात तेथे ते आकसते व जेथे त्या मागे सरतात तेथे गाळाची सपाट जमीन, कांदळवने आणि खाजणे तयार झाली आहेत. चिपळूणजवळच्या पात्रात जुवाडसारखी गाळाची बेटेही आहेत. किनारी वनस्पती कापून, मातीचे बांध घालून खाजणात भातशेती करण्याची पद्धत या खाडीत जुनी आहे. बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरून ते काही वर्षे नापीक होते. म्हणून बांधाची दुरुस्ती हे पूर्वी सबंध गावाचे काम मानले जाई.

खोऱ्यात वार्षिक पर्जन्य ३,००० मिमी.हून अधिक असून सह्याद्रीच्या कड्याजवळ तो आणखी वाढतो. त्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नदीचा मूळ स्वभाव यावरून ठरला होता. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहे आणि माघ-फाल्गुनात तिच्या वरच्या पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरत.

वाशिष्ठीची सर्वांत मोठी उपनदी जगबुडी ही होय. ती खेड तालुक्यातून येऊन उत्तरेकडून दाभोळच्या खाडीस मिळते. जग बुडविणारी, हे तिचे नाव अतिशयोक्तीचे वाटले, तरी खेडच्या बाजारपेठेला ते तसे वाटत नाही. जोराच्या पावसात तेथे जगबुडीचे पाणी वारंवार शिरते. दापोली तालुक्यातील कोटजाई नदीही उत्तरेकडूनच याच खाडीस मिळते. चिपळूण शहराच्या मध्यातून वाहणारी शिवनदी लांबीने नगण्य आहे. परंतु वाशिष्ठी फुगली की शिवनदीचे पाणी अडून मागे फिरते व शहरात पसरते. शहराच्या पुराच्या इतिहासात तिचे महत्त्व त्यामुळे तिच्या आकारापेक्षा बरेच मोठे आहे.

प्राचीन काळ : पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात कोकण किनाऱ्यावरील बंदरांच्या यादीत पॅलिपाटमी असे एक नाव येते. ते दाभोळचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. मात्र याबद्दल एकमत नाही. नदीखोऱ्यातील वस्तीचे निश्चित पुरावे कोरीव लेखांतून व लेण्यांतून मिळतात. बादामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा एक ताम्रपट चिपळूण येथे सापडला असून तो ‘चिपळूण ताम्रपट’ या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मल्लिकार्जुन याचा ११५६ मधील शिलालेखही चिपळूणातच मिळाला. कोटजाई नदीच्या काठी दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. ही लेणी प्रारंभी हीनयान बौद्धांची होती, पुढे तेथे वज्रयान पंथीयांनी वस्ती केली आणि शेवटी नाथ संप्रदायाने त्यांत आपली उपासना सुरू केली. सु. हजार वर्षांहून अधिक काळ एकाच डोंगरकड्यात तीन पंथांचे साधक एकामागून एक राहिले, हे दाभोळच्या खाडीने घाटाशी व समुद्राशी राखलेल्या संपर्काचेच द्योतक मानावे लागते. शिलाहारकालीन प्रणालक हे स्थान म्हणजेच पन्हाळे, असे पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी दाखवून दिले आहे.

दाभोळ बंदर : वाशिष्ठीच्या इतिहासातील सर्वांत वैभवाचा काळ बहमनी राज्याशी निगडित आहे. बीदर ही राजधानी समुद्रापासून फार आत होती आणि बहमनी सैन्याला घोडे परदेशातून आणावे लागत. अरबस्तान व इराण येथून येणारे हे घोडे ज्या बंदरांत उतरत त्यांत दाभोळ अग्रेसर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४७० च्या सुमारास दक्षिणेत आला होता. त्याने परतीचा सागरी प्रवास दाभोळहून सुरू केला व हे फार मोठे बंदर असून तेथे दूरदूरच्या देशांतून घोडे येतात, अशी नोंद केली. सोळाव्या शतकाच्या आरंभीचा पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने तांबे, पारा व हिंगूळ यांचा येथील व्यापार नोंदविला आहे. हा माल नदीमार्गे व पुढे घाटमार्गे अंतर्भागात जाई. बहमनी राज्याची शकले झाल्यावर दाभोळ विजापूरच्या आदिलशाहीकडे आले. त्या काळात त्यास मुस्तफाबाद असेही नाव होते. मक्केच्या यात्रेस जाणारे यात्रेकरूही येथून गलबतांत चढत.

या समृद्धीला पहिला जबर धक्का १५०८ च्या अखेरीस बसला. त्या वर्षी मार्चमध्ये चौलजवळच्या लढाईत इजिप्तच्या आरमाराने पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मेइदा याच्या मुलाला ठार केले होते. सूड घेण्यासाठी दीवकडे निघालेल्या आल्मेइदाने वाटेत डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत दाभोळवर हल्ला केला. शहर जाळण्यात आले आणि स्त्रिया व मुले यांसह रहिवाशांची सरसकट कत्तल झाली. फिरंग्यांचा जो कोप दाभोळवर झाला तो तुझ्यावर होवो, असा शाप त्यानंतर या भागात रूढ झाला, असे पोर्तुगीज इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे. वस्तुतः चौलच्या लढाईशी दाभोळच्या नागरिकांचा कोणताही संबंध नव्हता. मुखावरचे, सहज हाती लागणारे संपन्न शहर एवढाच त्यांचा दोष होता. दाभोळ पुन्हा उभे राहिले, पण सोळाव्या शतकाच्या मध्यासही पोर्तुगीजांनी ते पुन्हा उद्ध्वस्त केले. समुद्रातील गलबतांना पोर्तुगीज परवाना घेण्याची सक्ती झाल्यावर घोड्यांचा व्यापार गोव्याकडे वळला. पुढे सुरतेचे महत्त्व वाढले, विजापूरचे राज्य १६८६ मध्ये नष्ट झाले आणि दाभोळच्या पाठीशी असलेला राजधानीचा बाजारच नाहीसा झाला. त्यापुढे दाभोळ हे किनारी वाहतुकीचे व मासेमारीचे बंदर म्हणून राहिले.

गतवैभवाची खूण म्हणून धक्क्याजवळची शाही मशीद उभी आहे. तिला अंडा मशीद वा माँसाहेबांची मशीद असेही म्हणतात. विजापूरची एक राजस्त्री मक्केच्या यात्रेसाठी दाभोळपर्यंत आली, परंतु समुद्रप्रवास शक्य न झाल्याने यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने या मशिदीवर खर्च केले, अशी आख्यायिका आहे. मशिदीचे बांधकाम १६५९-६० च्या सुमाराचे मानले जाते. उंच जोते, मधला मोठा घुमट आणि कोपऱ्यांवरील मनोरे ही तिची घडण सरळ विजापूरची आठवण करून देते. कोकणात अशा धाटणीची इमारत विरळाच. गावाजवळ चंडिकादेवीचे गुहेतील मंदिर आहे.

किल्ले व सत्तासंघर्ष : अफजलखानाच्या वधानंतर (१६५९) छत्रपती शिवाजी महाराजांनी दक्षिण कोकणात उतरून १६६०-६१ मध्ये दाभोळ व आसपासचा प्रदेश घेतला. खाडीच्या मुखावर दक्षिण बाजूस अंजनवेलचा किल्ला आहे, तर आत चिपळूणच्या वेशीवर गोवळकोट आहे. पहिला खाडीचे दार राखतो व दुसरा तिचे टोक. त्यामुळे ज्याच्याकडे हे दोन किल्ले त्याच्याकडे वाशिष्ठीचे खोरे, असे समीकरण पुढील दीडशे वर्षे टिकून राहिले. १६९९ मध्ये अंजनवेल जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला. १७२७ मध्ये अंजनवेलचा अधिकारी सिद्दी सात याने चिपळूणच्या उत्तरेकडील डोंगरावरील परशुरामाचे देवस्थान लुटून उद्ध्वस्त केले. देवस्थानाशी संबंधित ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांचे छत्रपती शाहू व पेशवे यांच्या दरबारी मोठे वजन होते. सिद्दीविरुद्धच्या मोहिमेसाठी त्यांनी सतत तगादा लावला. १७३६ मध्ये चिमाजी आप्पा याने रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात यास ठार केले. अंजनवेल व गोवळकोट मात्र त्यानंतरही काही वर्षे सिद्दीकडेच राहिले. १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्रे याने दोन्ही किल्ले जिंकून अंजनवेलचे गोपाळगड व गोवळकोटचे गोविंदगड असे नामकरण केले. १७५५-५६ मध्ये ते पेशव्यांकडे व १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले. पेशवा बाळाजी विश्वनाथ हा उमेदवारीच्या काळात चिपळूणच्या मिठागरावर कारकून होता, अशी परंपरा आहे.

चिपळूण आणि घाटमार्ग : दाभोळ मागे पडल्यावर खोऱ्याचे केंद्र मुखाकडून भरतीच्या टोकाकडे, म्हणजे चिपळूणकडे सरकले. याचे कारण कुंभार्ली घाट. या घाटाने चिपळूण पाटण व कराडशी जोडले गेले आहे. देशावरचा कापूस, गूळ, धान्य हा माल आधी बैलांच्या तांड्यांवरून व एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ता झाल्यावर बैलगाड्यांतून चिपळूणात उतरे. गोवळकोटच्या धक्क्यावर तो पडावांत व मचव्यांत भरला जाई. भरतीच्या शिखरावर सुटलेला पडाव ओहोटीबरोबर दाभोळकडे वाहत जाई आणि परतताना मीठ, सुकी मासळी, नारळ, मुंबईचा कारखानी माल घेऊन पुढच्या भरतीबरोबर वर येई. वल्ह्यांपेक्षा व शिडापेक्षा या वाहतुकीचा भार चंद्रकलेवर अधिक होता. नावेची वेळ तिथी पाहून ठरे. खाडीच्या काठच्या वृद्ध माणसांना कोणत्या तिथीस पाणी कोणत्या प्रहरी चढते हे अजूनही तोंडपाठ असते. दाभोळला मुंबईहून येणाऱ्या आगबोटी लागत व तेथून लहान लाँचमधून उतारू चिपळूणकडे जात. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाकरमान्यांची गावाची वाट हीच होती. सडका सुधारल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जलवाहतूक मोडली. मुंबई-गोवा महामार्ग व १९९८ मध्ये संपूर्णपणे सुरू झालेली कोकण रेल्वे हे दोन्ही मार्ग वाशिष्ठीस चिपळूणपाशी ओलांडतात. गुहागर-विजापूर महामार्गही चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढतो. विजापूर व समुद्रकिनारा यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापाराचा माग त्यात अद्याप दिसतो.

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ मध्ये स्थापन झाले असून महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. शहरात २०१३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

कोयनेचे अवजल : कोयना ही कृष्णेची उपनदी. ती सह्याद्रीच्या माथ्यावरून दक्षिणेकडे व पुढे पूर्वेकडे वाहते आणि तिचे पाणी स्वाभाविकपणे बंगालच्या उपसागरास जाते. परंतु तिचे पात्र सह्याद्रीच्या कड्यापासून थोड्याच अंतरावर आहे व कड्याखालची कोकणपट्टी पाचशे मीटरांच्या आसपास खोल आहे. या उंचीचा उपयोग वीजनिर्मितीसाठी करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभापासून मांडली जात होती. स्वातंत्र्योत्तर काळात ती प्रत्यक्षात आली. कोयनानगरजवळ १०३ मी. उंचीचे धरण बांधून अडविलेले पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्याने पश्चिमेकडे वळविण्यात आले व चिपळूण तालुक्यातील पोफळी येथील भूमिगत वीजगृहात १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पोफळीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली कोळकेवाडी येथे दुसरे धरण बांधण्यात आले आणि तेथे १९७५ नंतर तिसरा टप्पा कार्यान्वित झाला. जलाशयाच्या तळाशी बोगदा फोडून, म्हणजे ‘लेक टॅपिंग’ पद्धतीने, १९९९ मध्ये चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेण्यात आले. या चौथ्या टप्प्याची क्षमता एकट्याची १,००० मेवॉ. असून सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९०० मेवॉ.हून अधिक आहे.

वीजगृहांतून सुटलेल्या पाण्यास अवजल अशी संज्ञा आहे. हे सर्व अवजल कोळकेवाडीखालून वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयना प्रकल्पासाठी पश्चिमेकडे वळविण्यास मान्यता दिलेले पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घन फूट, म्हणजे सु. १९१ कोटी घ. मी. आहे. ते वर्षभर सारखे वाटले, तर दर सेकंदास सरासरी सु. ६० घ. मी. प्रवाह होतो. उन्हाळ्यात जिच्या वरच्या पात्रातून माणसे चालत पलीकडे जात, अशा नदीच्या दृष्टीने हा प्रवाह प्रचंड होय. प्रत्यक्षात तो सारखा येत नाही. कोयनेची वीज मुख्यतः मागणीच्या शिखरकाळासाठी वापरली जाते. यंत्रे चालू झाली की काही वेळाने चिपळूणपाशी पाणी चढते, बंद झाली की उतरते. भरती-ओहोटीच्या तालावर चाललेल्या नदीला अशा रीतीने दुसरा, मुंबई-पुण्याच्या दिव्यांचा व कारखान्यांचा ताल मिळाला आहे. वैशाखात वाहती नदी असणारे चिपळूण हे कोकणातील अपवादात्मक शहर होय.

या पाण्याचे फायदे स्पष्ट आहेत. चिपळूण शहर, खडपोली व लोटे-परशुराम येथील औद्योगिक क्षेत्रे व अनेक गावे यांना बारमाही पाणी मिळाले. तथापि बहुतांश अवजल कोणत्याही उपयोगाविना समुद्रास मिळते, ही वस्तुस्थितीही तेवढीच खरी आहे. नदीकाठापासून थोड्या अंतरावरील, सड्यांवरील वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, आणि त्यांच्या पायथ्याशी घाटावरून आलेले पाणी वाहत असते. उंच-सखल भूरचना व उपशाचा खर्च ही त्यामागील कारणे खरी असली, तरी ती अडचण न सुटण्याइतकी नाही. हे पाणी मुंबईस न्यावे, असे प्रस्ताव अनेकदा मांडण्यात आले आहेत. कोकणातील गावांची गरज आधी भागवावी, ही त्यावरील स्थानिक हरकत आहे. कृष्णा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांचेही या पाण्यावर लक्ष असते, कारण मुळात ते त्यांच्या खोऱ्यातील आहे.

गाळ आणि पूर : डोंगरी नदी वेगाने खाली येते व सपाटीस टेकताच तिचा वेग एकदम मंदावतो. सोबत आणलेले दगड, रेती व गाळ ती तेथेच टाकते. वाशिष्ठीच्या बाबतीत ही जागा म्हणजे चिपळूण शहर होय. त्याच जागी समुद्राची भरती येऊन पोहोचते. म्हणजे वरून येणारे पाणी, खालून चढणारे पाणी आणि मध्ये साचलेला गाळ या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी एकत्र येतात. चिपळूण हे व्यापाराचे शहर म्हणून ज्या कारणाने वाढले, त्याच कारणाने ते पुराचे शहर आहे. पेठमाप, गोवळकोट, बाजारपेठ या सखल भागांत पाणी येणे नवीन नाही. जुन्या घरांची उंच जोती पुराचा अनुभव सांगतात. परंतु सह्याद्रीच्या उतारांवरील झाडतोड, डोंगर कापून झालेले रस्ते, पात्रालगतचे भराव व बांधकामे यांमुळे गाळ वाढला आणि पाण्याची पसरण्याची जागा घटली. जेथे पूर्वी गलबते येत, त्या गोवळकोटच्या धक्क्याशी ओहोटीला होड्याही अडखळू लागल्या.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याहून भीषण पूर २२ जुलै २०२१ रोजी आला. आदल्या रात्रीपासून सह्याद्रीवर व खोऱ्यात अखंड पाऊस कोसळत होता. आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर आल्यामुळे भरतीही मोठी होती. पहाटेपासून वाशिष्ठी व शिवनदी या दोन्हींचे पाणी शहरात शिरले व बाजारपेठेत काही ठिकाणी ते पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचले. सकाळी जाग आलेल्या लोकांना घरातून बाहेर पडण्यास वाट उरली नव्हती. हजारो माणसे छपरांवर व गच्च्यांवर अडकली. महामार्गावरील पुलाची हानी झाली आणि रेल्वेची वाहतूक थांबविण्यात आली. दुकाने, गोदामे, दवाखाने व वाहने यांची अपरिमित हानी झाली. वाचन मंदिराचा ग्रंथसंग्रह २००५ प्रमाणे यावेळीही पाण्यात सापडला.

कोयनेच्या अवजलाने पुरात किती भर घातली, यावर नंतर बराच वाद झाला. अवजलाचा विसर्ग यंत्रांच्या क्षमतेने मर्यादित असतो, तर अशा पावसात खोऱ्याचा स्वतःचा प्रवाह त्याच्या कित्येक पट असतो. त्यामुळे पूर केवळ अवजलाने आला, असे म्हणता येत नाही. मात्र पात्र काठोकाठ भरलेले असताना वरून येणारा थोडा प्रवाहही पाण्याची पातळी वाढवितो, आणि अतिवृष्टी व भरती यांच्या काळात वीजनिर्मितीचे नियोजन नदीची स्थिती पाहून व्हावे, ही नागरिकांची मागणी त्यामुळे रास्तच ठरते. पात्रातील गाळ काढावा यासाठी २०२१ च्या अखेरीस चिपळूणकरांनी साखळी उपोषण केले. त्यानंतर शासनाने गाळ उपसण्याचे मोठे काम हाती घेतले. निळ्या व लाल पूररेषा आखल्याने बांधकामावर निर्बंध आले असून, शतकानुशतके वसलेल्या पेठेने या रेषांच्या आत कसे राहावे हा प्रश्न शहरापुढे आहे. गाळ एकदा काढून भागत नाही. दरवर्षीच्या पावसाबरोबर डोंगर नवीन गाळ पाठवीत असतो.

उगमाकडील तिवरे येथे २ जुलै २०१९ च्या रात्री एक लहान मातीचे धरण फुटले. धरणाखालची वस्ती लोंढ्याने वाहून नेली व वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी त्यापूर्वी केलेल्या होत्या. एवढ्या आखूड व तीव्र उताराच्या खोऱ्यात धोक्याची सूचना देण्यास मिळणारा वेळ किती थोडा असतो, हे या घटनेत दिसून आले.

खाडीचे वर्तमान जीवन : खाडीत मासेमारी करणाऱ्यांत भोई, खारवी व दालदी या समाजांचा समावेश होतो. बोय, पालू, कोळंबी, खेकडे, तसेच ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवरील कालवे व चिखलातील तिसऱ्या हे त्यांचे उत्पन्न. कालवे व तिसऱ्या गोळा करण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे या उपजीविकेवर परिणाम झाला. तेथील सांडपाणी सोनपात्रा नदीमार्गे व वाहिन्यांतून खाडीत येते. खाडीत मासे मरून वर येण्याच्या घटना अनेकदा घडल्या असून मच्छीमारांनी त्याविरुद्ध आंदोलने केली आहेत. ज्या गोड्या पाण्यामुळे कारखाने येथे आले ते वाशिष्ठीचे, आणि कारखान्यांनी परत केलेले पाणीही तिलाच, असा हा व्यवहार आहे.

मुखाच्या दक्षिण तीरावर अंजनवेलजवळ उभारलेला वीजप्रकल्प एन्‌रॉन या अमेरिकन कंपनीमुळे देशभर गाजला. तो दाभोळ प्रकल्प या नावाने ओळखला जात असला, तरी दाभोळ गाव खाडीपलीकडे, उत्तर तीरावर व वेगळ्या तालुक्यात आहे. १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि विजेच्या दरावरील वादातून २००१ मध्ये तो बंद पडला. पुढे २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने तो ताब्यात घेतला.

दाभोळ व गुहागर तालुक्यातील धोपावे यांच्या दरम्यान २००३ पासून वाहनांसह उतारू नेणारी फेरीबोट चालते. रस्त्याने चिपळूणवरून वळसा घालून जाण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी जवळचा आहे. मगर हा या नदीतील सर्वांत लक्षणीय वन्य प्राणी होय. चिपळूणपासून खालच्या गोड्या व निमखाऱ्या पाण्यात मगरींची चांगली वस्ती असून ओहोटीच्या वेळी त्या चिखलाच्या काठांवर ऊन खात पडलेल्या दिसतात. पावसाळ्यात नदी फुगली म्हणजे त्या शहराच्या रस्त्यांवरही येतात व वनखात्याची माणसे त्यांना पकडून पुन्हा पात्रात सोडतात. मालदोली परिसरात मगरी पाहण्यासाठी होड्यांतून सफरी काढल्या जातात.